हाताला दिसलेली पेन्सिल : डी.एफ. यांचं प्रकरण

1988 सालची गोष्ट. उत्तर इटलीतलं एक घर, दुरुस्तीचं काम अजून चालू असलेलं. न्हाणीघरात पाणी तापवायला गॅसचा गीझर होता आणि त्याचा धूर बाहेर जायला पुरेशी वाट नव्हती. 34 वर्षांच्या एक स्कॉटिश बाई अंघोळीला गेल्या आणि शॉवरखालीच बेशुद्ध होऊन पडल्या. त्या वाचल्या. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांपुढचं जग पार बदललं, आणि त्या बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना 'पाहणं' या शब्दाचा अर्थच नव्यानं मांडावा लागला. वैद्यकीय लिखाणात या बाईंना फक्त 'डी.एफ.' या आद्याक्षरांनी ओळखतात. मीही तेच नाव ठेवते.

मेंदूविज्ञानातली गाजलेली प्रकरणं पुष्कळ आहेत. मला मात्र वर्गात शिकवताना हेच आधी सांगावंसं वाटतं, कारण त्याची सुरुवात आपल्या ओळखीची आहे. बिनखिडकीचं किंवा थंडीमुळे खिडकी लावून घेतलेलं न्हाणीघर, भिंतीवर गॅसचा गीझर, आणि आत गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर येत नाही. दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत अशी एखादी तरी बातमी असते. त्या बातमीत माणूस वाचला की बातमी संपते. डी.एफ. यांची कहाणी तिथून पुढे सुरू होते.

वायूनं नेमकं काय केलं

गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे छाती भरून श्वास घेतला तरी रक्तातून प्राणवायू पुढे जातच नाही. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. दार उघडायचं सुचेपर्यंत हात उचलायची ताकद उरलेली नसते.

प्राणवायू तुटल्याची झळ मेंदूला सगळीकडे सारखी बसत नाही. शेताच्या शेवटच्या वाफ्याला जसं पाणी सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी पोहोचतं, तसे मेंदूतले काही भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या क्षेत्रांच्या शिवेवर असतात. पुरवठा आटला की ते आधी कोरडे पडतात. डी.एफ. यांच्या मेंदूत सर्वांत मोठी इजा झाली ती मागच्या बाजूला, ऑक्सिपिटल भागाच्या कडेला, दोन्हीकडे. डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदूच्या सालीत पहिल्यांदा जिथे उतरते तो प्राथमिक दृष्टिभाग बराचसा वाचला. जळलं ते त्याच्या पुढचं ठाणं, वस्तूचा आकार ओळखणारं.

शुद्धीवर आल्यावर सुरुवातीला त्यांना काहीच दिसत नव्हतं. मग काही दिवसांत रंग परतले. पलंगाशेजारच्या फुलांचा लाल-हिरवा, खिडकीतल्या आभाळाचा निळा. घरच्यांना वाटलं असणार की आता हळूहळू सगळंच परत येईल. पण गाडी तिथेच थांबली. समोर उभी असलेली आई आवाजावरून कळायची, चेहऱ्यावरून नाही. स्वयंपाकघरात आईच्या हातावरची बारीक लव त्यांना स्पष्ट दिसत होती, आणि तो हात आहे हे मात्र आकारावरून समजत नव्हतं. मला हा तपशील फार अस्वस्थ करतो. नजर अधू झाली असती तर आधी लव दिसेनाशी झाली असती. इथे बारीकसारीक सगळं शाबूत, आणि त्या सगळ्याला एकत्र बांधणारी कडच गायब.

दोष कुठे नव्हता

अशा वेळी पहिलं काम असतं एकेक शक्यता काढून टाकण्याचं. डोळे ठीक होते. बारीक पोत, रंग, उजेड-अंधारातला फरक बऱ्यापैकी कळत होता. बुद्धी, भाषा, स्मरण यांना धक्का नव्हता. चावी किंवा चमचा हातात दिला की चाचपून लगेच नाव सांगायच्या. म्हणजे वस्तूंचं ज्ञान पुसलं गेलेलं नव्हतं. सफरचंद किंवा पुस्तक आठवणीतून काढायला सांगितलं तर ओळखू येईल असं चित्र काढायच्या. त्याच वस्तूचं रेखाचित्र समोर ठेवून 'हे बघून काढा' म्हटलं की कागदावर नुसत्या तुटक रेघा उमटायच्या. आणि आपणच आठवणीतून काढलेलं चित्र थोड्या वेळानं समोर ठेवलं तर तेही ओळखता यायचं नाही.

वैद्यकात याला 'व्हिज्युअल फॉर्म ॲग्नोशिया' म्हणतात. आपण 'आकार-अज्ञान' म्हणू. हा विकार तोवर अगदीच अनोळखी होता असं नाही. 1969 साली अमेरिकेत अशाच कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतून वाचलेल्या एका तरुण सैनिकाचं वर्णन प्रसिद्ध झालं होतं. त्यालाही रंग ओळखता येत, आकार येत नसत. त्याच्या तपासणीसाठी रॉबर्ट एफ्रॉन यांनी एक साधी युक्ती काढली होती: क्षेत्रफळ सारखं, पण लांबी-रुंदी वेगवेगळी असलेले चौकोन. उजेड सारखाच, रंग सारखाच, तेव्हा फरक ओळखायचा तर आकारच बघावा लागणार. हे चौकोन पुढे डी.एफ. यांच्या प्रकरणात फार कामी आले.

एवढ्यावर फाइल बंद करता आली असती. विकाराचं नाव मिळालं होतं, जागा साधारण कळली होती, वर्णन पूर्वीच्या रुग्णाशी जुळत होतं. बहुतेक ठिकाणी ती बंदही झाली असती.

पेन्सिल

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात डेव्हिड मिल्नर आणि त्यांचे सहकारी डी.एफ. यांची तपासणी करत होते. मिल्नर यांनी एक पेन्सिल समोर धरली आणि हे काय आहे ते विचारलं. पिवळा रंग त्यांनी सांगितला. वस्तू कोणती, ते सांगता येईना. पेन्सिल आडवी धरली आहे की उभी, तेही नाही. मग नीट बघावी म्हणून डी.एफ. यांनी हात पुढे केला आणि पेन्सिल मिल्नर यांच्या हातातून काढून घेतली.

इथे खोलीतली माणसं थबकली. कारण पेन्सिल घेताना हात चाचपडला नाही. पेन्सिल ज्या दिशेला होती त्या दिशेला मनगट वाटेतच वळलं, बोटं नेमकी तेवढीच उघडली, पकड पहिल्या झटक्यात बसली. आडवी की उभी हे ज्या बाईंना क्षणापूर्वी सांगता येत नव्हतं, त्यांच्या हातानं ते अचूक ओळखलं होतं.

आता आपल्या भाषेकडे जरा बघा. 'मी पेन्सिल पाहते' आणि 'मला पेन्सिल दिसते' ही दोन वाक्यं मराठीत वेगळी बांधली जातात. पहिल्यात करणारी मी आहे. दुसऱ्यात दिसणं माझ्याकडे येतं. मी ते घडवत नाही, ते मला घडतं, जशी मला भूक लागते किंवा मला आठवतं. डी.एफ. यांना पेन्सिल दिसत नव्हती. तरी त्यांचं शरीर पेन्सिल पाहत होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण या दोन क्रियापदांवरूनच समजावते, आणि इंग्रजी संज्ञांच्या माळेपेक्षा ते लवकर उतरतं.

एक प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे, हे मिल्नर आणि त्यांचे कॅनडातले सहकारी मेल्विन गुडेल यांना ठाऊक होतं. पुढचं त्यांचं काम माझ्या मते मेंदूविज्ञानातल्या सर्वांत देखण्या कामांपैकी आहे. देखणं म्हणते, कारण त्यात मोठी यंत्रं जवळजवळ नव्हतीच.

टपालपेटीची चीर

एक गोल तबकडी उभी ठेवली. तिला मधोमध टपालपेटीसारखी चीर. तबकडी फिरवली की चीर आडवी, उभी, तिरकी, हवी तशी होते. डी.एफ. यांच्या हातात पुठ्ठ्याचा एक पत्ता, म्हणजे कार्ड, दिला. पहिल्या वेळी सांगितलं: पत्ता पुढे नेऊ नका, फक्त चीर ज्या दिशेला आहे त्या दिशेला धरून दाखवा. उत्तरं वाऱ्यावर गेल्यासारखी विखुरली. चीर उभी असताना पत्ता आडवा, आडवी असताना तिरका. दुसऱ्या वेळी सांगितलं: पत्ता चिरेत टाका. आणि पत्ता जवळजवळ दर वेळी सुटसुटीत आत गेला. फिल्ममध्ये दिसलं की हात निघाल्याबरोबरच पत्ता योग्य दिशेला वळू लागतो. तबकडीवर आपटून मग दिशा सुधारली असं घडत नाही.

त्याच चिरेबद्दल, त्याच हातातल्या त्याच पत्त्यानं उत्तर द्यायचं होतं. 'दाखवा' म्हटल्यावर जमलं नाही, 'टाका' म्हटल्यावर जमलं. बदललं होतं फक्त क्रियापद.

हे मी वर्गात पुठ्ठ्याच्या खोक्याला चीर पाडून करून दाखवते. निरोगी माणसाला दोन्ही कामं इतकी सहज जमतात की ती दोन आहेत हेच पटत नाही. हा प्रयोग आपल्यावर केला तर आपल्याला काहीच शिकवत नाही. दोन धागे एकमेकांत पिळलेले असले की दोर एकच भासतो; एक धागा तुटलेलं माणूस समोर येतं तेव्हाच दुसरा दिसतो. रुग्णानं दिलेल्या या वेळेचं मोल मला म्हणूनच फार वाटतं. डी.एफ. यांनी पुढे अनेक वर्षं संशोधकांना ही संधी दिली.

मग एफ्रॉनचे चौकोन आले, या वेळी उचलता येतील असे ठोकळे करून. दोन ठोकळे समोर ठेवून 'सारखे की वेगळे' विचारलं तर डी.एफ. यांची उत्तरं नाणं उडवल्यासारखी. ठोकळा किती रुंद आहे ते अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवा म्हटलं तर बोटांमधल्या अंतराचा ठोकळ्याशी काही संबंध नाही. पण 'उचला' म्हटलं की बोटं हवेत असतानाच ठोकळ्याच्या रुंदीच्या मापात उघडायची, रुंद ठोकळ्याला जास्त, अरुंदाला कमी. बोटांवर छोटे दिवे लावून कॅमेऱ्यांनी हे अंतर क्षणाक्षणाला मोजलेलं आहे, त्यामुळे इथे अंदाजाला जागा नव्हती. हे निष्कर्ष 1991 साली 'नेचर' या नियतकालिकात आले.

यातला एक प्रयोग कमी सांगितला जातो, पण माझ्या लेखी तो सगळ्यात बोलका आहे. ठोकळा दाखवला, मग तो नजरेआड केला, 2 सेकंद थांबायला लावलं आणि मग म्हटलं, तो तिथेच आहे असं समजून उचलण्याची कृती करा. आपल्याला हे जमतं. दोन सेकंदांपूर्वी पाहिलेला ठोकळा मनात असतो, त्या मापानं बोटं उघडतात. डी.एफ. यांची बोटं मात्र माप विसरली. खरं तर 'विसरली' हा शब्द चुकीचा आहे. विसरायला आधी काही जपून ठेवलेलं असावं लागतं. त्यांच्या हाताला मिळणारी माहिती त्या क्षणापुरती होती. वापरली तर वापरली, नाही तर विरली. मनात ठेवायचं चित्र तयार करणारा भागच जळून गेलेला होता.

हाताच्या शहाणपणालाही मर्यादा होत्या. साध्या चिरेऐवजी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची खाच केली आणि तसाच ठोकळा तिच्यात टाकायला दिला, तेव्हा साधारण अर्ध्या वेळाच बरोबर गेला. चुकला तो बहुतेकदा काटकोनात चुकला. म्हणजे हाताला एका रेघेची दिशा कळत होती. दोन रेघा जोडून होणारा आकार नाही.

दोन वाटा

1982 साली अमेरिकेत लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी माकडांवरच्या कामातून मांडलं होतं की दृष्टीची माहिती मेंदूच्या मागून दोन वाटांनी पुढे जाते. खालची वाट कानाच्या बाजूच्या टेम्पोरल भागाकडे, तिथे वस्तू 'काय' आहे ते ठरतं. वरची वाट टाळूखालच्या पॅरायटल भागाकडे, तिथे ती 'कुठे' आहे ते. गुडेल आणि मिल्नर यांनी 1992 साली वाटा तशाच ठेवल्या आणि त्यांचं काम वेगळं सांगितलं. त्यांच्या मते दोन्ही वाटा वस्तूचा आकार, दिशा, जागा हे सगळंच वापरतात. फरक आहे तो कशासाठी वापरतात यात. खालची वाट ओळखण्यासाठी, आठवणीशी ताडून बघण्यासाठी, मनात जग उभं करण्यासाठी. वरची वाट हात-पाय-डोळे आत्ता, या क्षणी चालवण्यासाठी.

मला यासाठी बैलगाडीची उपमा सुचते. कुठल्या गावाला जायचं ते गाडीवान ठरवतो. चाकोरी कुठे, खड्डा कुठे, पाय कुठे टाकायचा, हे बैलांचं बैल बघतात, आणि गाडीवानाला त्यातलं क्वचितच काही कळतं. फक्त एका जागी ही उपमा मोडते. बैलांना घरची वाट आठवते. वरच्या वाटेला, 2 सेकंदांच्या प्रयोगानं दाखवल्याप्रमाणे, आठवण जवळपास नसतेच.

दुसऱ्या बाजूचा पुरावा आधीपासून पडून होता. 1909 साली बुडापेस्टच्या रेझ्यो बालिंत यांनी एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. दोन्ही पॅरायटल भागांना इजा झालेला हा माणूस वस्तू ओळखायचा, पण तिच्याकडे हात नेला की तो भलतीकडे जायचा. या चुकीला 'ऑप्टिक ॲटॅक्सिया' म्हणतात. गुडेल यांनी आर.व्ही. या आद्याक्षरांच्या अशाच एका रुग्ण बाईंची आणि डी.एफ. यांची एकाच कामावर तुलना केली. नदीतल्या गोट्यांसारखे वेडेवाकडे, गुळगुळीत आकार. कुठले दोन सारखे ते आर.व्ही. सांगू शकत होत्या, पण उचलताना बोटं अशा जागी पडायची की गोटा निसटावा. डी.एफ. यांना सारखे-वेगळे कळत नव्हतं, पण त्यांची बोटं गोट्याच्या मधोमध, समोरासमोर, जिथे पकड बसेल तिथेच टेकायची. एकीकडे जे शाबूत, ते दुसरीकडे मोडलेलं. मेंदूविज्ञानात एका रुग्णावरून फार पुढे जाता येत नाही. अशी उलटसुलट जोडी सापडली की दाव्याला बळ येतं.

प्राणिजगातलं एक जुनं काम इथे आठवतं. 1973 साली डेव्हिड इंगल यांनी अशा बेडकांचा अभ्यास केला ज्यांची डोळ्याची नस शस्त्रक्रियेनंतर मेंदूच्या चुकीच्या बाजूला जाऊन जुळली होती. किडा उजवीकडे दिसला की हे बेडूक डावीकडे झेप घालत. पण वाटेत आडोसा ठेवला तर तो मात्र बरोबर चुकवत. एकाच डोळ्यातून आलेली माहिती भक्ष्य पकडायला एका तारेनं जाते आणि अडथळा टाळायला दुसऱ्या, हे त्यातून उघड झालं होतं. म्हणजे 'पाहणं' हे एकच काम आहे ही समजूत बेडकाच्या बाबतीत आधीच मोडली होती. माणसाबद्दल ती मोडायला आपण तयार नव्हतो, एवढंच.

2003 साली डी.एफ. यांच्या मेंदूचे तपशीलवार स्कॅन प्रसिद्ध झाले. रेखाचित्रं बघताना निरोगी माणसात मेंदूचा जो बाजूचा ऑक्सिपिटल भाग जागा होतो, तिथे त्यांच्यात दोन्हीकडे इजा होती आणि प्रतिसाद नव्हता. वस्तू उचलताना पॅरायटल भागातली पकडीशी संबंधित जागा मात्र काम करत होती. दहा-बारा वर्षांपूर्वी पुठ्ठे आणि ठोकळे वापरून जे सांगितलं होतं, त्याला नकाशावर जागा मिळाली.

जे इतकं सरळ नाही

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकांत येते. पुढची सहसा येत नाही, आणि ती गाळणं मला प्रामाणिक वाटत नाही.

थॉमस शेंक यांनी 2012 साली आरशाची मांडणी वापरून डी.एफ. यांना ठोकळे उचलायला लावले. आरशात ठोकळा दिसतो तिथे हात पोहोचतो, पण संशोधकाच्या मर्जीनुसार त्या जागी ठोकळा असतो किंवा नसतो. हाताला शेवटी काही लागलंच नाही, तेव्हा डी.एफ. यांच्या बोटांचं माप बिघडलं. शेंक यांचं म्हणणं असं की इतकी वर्षं आपण ज्याला वरच्या वाटेची करामत समजत होतो, त्यात स्पर्शाचा वाटा मोठा आहे. प्रत्येक वेळी ठोकळा हाताला लागतो आणि त्यावरून हात पुढच्या वेळचं माप सुधारतो. मिल्नर आणि गुडेल यांचं उत्तर असं की जिथे हाताला कधीच काही लागत नाही तिथे उचलणं हे उचलणं राहतच नाही, ते नाटक होतं, आणि नाटकाची कृती वरची वाट चालवत नाही. 2014 साली त्यांच्या गटानं अशी मांडणी केली की दिसणारा ठोकळा दर वेळी वेगळ्या रुंदीचा, पण हाताला लागणारा कायम एकाच मापाचा. म्हणजे स्पर्श आहे, पण त्यावरून माप शिकता येणार नाही. बोटं तरीही दिसणाऱ्या रुंदीप्रमाणेच उघडली.

मला हे उत्तर पटतं. पण इतर काही आक्षेप टिकून आहेत. सुरुवातीच्या प्रयोगांत तुलनेला घेतलेली निरोगी माणसं मोजकीच होती. जास्त माणसांशी ताडून बघितल्यावर डी.एफ. यांची कृती 'पूर्णपणे सामान्य' होती असं म्हणता येत नाही. नजरेच्या कडेला असलेल्या वस्तूंकडे हात नेताना त्या चुकतात. डाव्या पॅरायटल भागाजवळही थोडी इजा आढळली आहे. निरोगी माणसांवरचा दृष्टिभ्रमाचा पुरावाही डळमळीत झाला. मोठ्या वर्तुळांच्या गराड्यातलं वर्तुळ आपल्याला लहान भासतं, पण त्या जागी चकती ठेवून उचलायला सांगितली तर बोटं फारशी फसत नाहीत, असं 1995 साली दिसलं होतं. मोजणी आणखी काटेकोर केल्यावर इतरांना तो फरक तितका मिळाला नाही.

तेव्हा वाटा दोन, पण त्यांच्यामध्ये भिंत नाही. चहाचा कप कानाला धरून उचलायचा, की भरलेला गरम कप काठाला धरून सरकवायचा, हे ठरवायला तो कप आहे हे आधी ओळखावं लागतं. डी.एफ. यांच्याबाबतही असंच दिसलं: चमच्यासारखी वस्तू त्या व्यवस्थित पकडत, पण वापरायच्या टोकाला की मुठीच्या, हे मात्र त्यांना नजरेवरून ठरवता येत नसे. हात पकडायला शिकलेला असतो. काय पकडतोय हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

न्हाणीघराकडे परत

आपल्याकडच्या वैद्यकीय लिखाणात 'गॅस गीझर सिंड्रोम' हे नाव आता रुळलेलं आहे. बेशुद्ध पडणं, झटके येणं, शुद्धीवर आल्यावर गोंधळलेलं असणं ही त्याची नेहमीची रूपं. बहुतेक जण वेळेत बाहेर काढले तर पूर्ण बरे होतात. काहींच्या बाबतीत मात्र सगळं ठीक वाटल्यावर, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, विसराळूपणा, चालीतला मंदपणा, स्वभावातला बदल सुरू होतो. हे उशिरा येणारं नुकसान घरच्यांनी न्हाणीघरातल्या त्या प्रसंगाशी जोडलं नाही, तर डॉक्टरांनाही धागा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्यानं सांगायला हवी. करोनाच्या काळात घराघरांत आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे धोका देतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे माणूस गुदमरलेला असतानाही आकडा चांगला दिसू शकतो. आकडा बघून घरी थांबू नये. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणं, धूर थेट बाहेर नेणारी नळी लावणं आणि झरोका कायम उघडा ठेवणं याला पर्याय नाही. बादली बाहेर भरून घेऊन, गीझर बंद करून मग आत जाणारी घरं मी पाहिली आहेत. ती बरोबर करतात.

पण मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ती वाचलेल्या माणसाच्या घरातल्या दुसऱ्या दिवसाची. समजा एखाद्या घरात डी.एफ. यांच्यासारखी इजा झालेली सून किंवा सासू आहे. ती म्हणते, मला समोरचं कळत नाही. आणि मग ताटातली पोळी नीट तोडते, उंबरठा न अडखळता ओलांडते, पुढे केलेला पेला अचूक धरते. घरचे काय म्हणतील? 'सगळं दिसतंय हिला, नाटकं करते.' डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर डोळे उत्तम निघतील आणि संशय पक्का होईल. ती खोटं बोलत नाहीये. तिला दिसत नाही हे खरं आहे, आणि तिचा हात पाहतो हेही खरं आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे सांगायला आपल्याकडे आज डी.एफ. यांचं प्रकरण आहे. 1988 पूर्वी कुणाकडेच नव्हतं.

म्हणून तपासणाऱ्यांना माझी विनंती असते की 'हे काय आहे?' या प्रश्नाला रुग्ण चुकला की थांबू नका. वस्तू त्याच्या हातात द्या आणि ओळखतो का बघा. पुढे धरा आणि घेताना त्याचं मनगट कधी वळतं ते बघा. रंगीत फोटो आणि नुसतं रेखाचित्र, दोन्ही दाखवा. आणि घरच्यांना खोलीत बसवून हे सगळं बघू द्या. निदानाइतकंच त्या घरात त्या माणसाच्या शब्दावर पुन्हा विश्वास बसणं गरजेचं असतं. पुढची मदतही यातूनच ठरते. आकार ओळखत नाही, पण रंग ओळखतो, तर मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांना वेगवेगळ्या ठळक रंगांची झाकणं लावा. औषधांच्या बाटल्यांना रंगीत पट्ट्या. डी.एफ. यांनाही रंग आणि पोत यांचाच आधार होता. रंगीत फोटोतलं दृश्य, समुद्रकिनारा की जंगल, त्या बऱ्याचदा सांगू शकत.

संशोधकांबरोबर डी.एफ. एकदा उत्तर इटलीच्या डोंगरात सहलीला गेल्या होत्या. सहलीच्या जागेपर्यंत पोहोचायला पाइनच्या दाट झाडीतून पायवाट होती, चढाची आणि खाचखळग्यांची. त्या कुणाचा हात न धरता, झाडांना आणि दगडांना चुकवत, इतरांच्या बरोबरीनं चालत गेल्या. वर पोहोचल्यावर खाणं निघालं, आणि पुढे केलेली वस्तू त्यांनी सहज हात करून घेतली. शेजारून जाणाऱ्या कुणालाही त्यांच्या दृष्टीत काही उणं आहे असं वाटलं नसतं.